मार्था सिस्टरांचा एक नंबर

मोबाईलवरच्या पट्ट्या मी बदलल्या होत्या. एवढंसं वाक्य, पण चार वर्षं ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. बायकोला माहीत नाही, उपकेंद्रात कुणाला माहीत नाही. मागच्या महिन्यात पहिल्यांदा एका माणसाला सांगितलं. ज्यांना सांगितलं त्या मार्था सिस्टर. हे त्यांच्याविषयीच आहे, माझा गुन्हा ओघाने येईल.

पुणतांब्याच्या पुढे नदीकाठच्या एका गावात आमचं आरोग्य उपकेंद्र. दोन खोल्या आणि एक ओटा. सिस्टर तिथे एकोणीस वर्षं नर्स होत्या, मी आरोग्य सेवक. मूळच्या त्या देवळाली प्रवऱ्याच्या. शिक्षण मिशनच्या दवाखान्यात झालेलं, पण बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. बाळंतिणीच्या घरी गेल्या की चहा, खुर्ची सगळं नाकारून आधी बाळ दारात उन्हाला न्यायच्या आणि त्याच्या कपाळावर, छातीवर, तळपायावर अंगठा दाबून बघायच्या. दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडते. कावीळ असेल तर तिथे पिवळी झाक दिसते. बाळाची आजी कुरकुरली की म्हणायच्या, "आजी, मला सरकार ह्या डोळ्यांचा पगार देतं. कामाचे पैसे घेतलेत, काम करू द्या." कागदपत्रांसाठी मी घाई केली, तर ठरलेलं उत्तर, "आधी बाळ, मग कागद. कागदाला ताप येत न्हाई."

उपकेंद्रासाठी एक मोबाईल घ्यायचं ठरलं, तेव्हा बेलापूरच्या ओळखीच्या दुकानदाराने दोन संच दिले. दोन कंपन्यांचे, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. "दोन दिवस वापरा, पसंत पडेल तो ठेवा, दुसरा परत करा," म्हणाला. दोन्ही काळे, दोन्हींना सारखीच कव्हरं. सिस्टरांनी काय करावं? कपाटातून चिकटपट्टी काढली, मागची कंपन्यांची नावं झाकली आणि पट्टीवर पेनाने एकावर '१' आणि दुसऱ्यावर '२' लिहिलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नाव बगितलं की मानूस आधीच वळतो, कदमभाऊ. आपन मोबाईल बगू, घराणं नगं."

मग त्यांची परीक्षा सुरू झाली. माझ्या यादीत वेग, मेमरी, बॅटरी. त्यांची यादी वेगळीच. हातमोजा घालून बोट चालतं का? भर उन्हात अक्षर दिसतं का? ओट्यावर बाळं रडत असताना पलीकडचा डॉक्टर ऐकू येतो का? शेवटी त्यांनी सफाईच्या मावशींना बोलावलं, त्यांच्या तळहातावर हळदीचं बोट ओढलं आणि दोन्हींनी फोटो काढले. मग प्रत्येक मोबाईल त्या हाताशेजारी धरून एकदा हाताकडे, एकदा फोटोकडे असं कितीतरी वेळ बघत बसल्या. मावशी वैतागल्या. "अवो सिस्टर, हात धुऊ का आता? का हळदी लावून पाटावर बसवता मला?"

एक नंबरमध्ये हात होता तसा दिसत होता. सुरकुतलेला, काळपट, वर हळदीची पिवळी रेघ. दोन नंबरमध्ये तोच हात गोरापान, गुलाबी, आणि हळद जवळजवळ गायब.

"दोन नंबर लई गोड बोलतो," सिस्टर म्हणाल्या. "स्थळं दाखवायला बरा हाय. आपल्याला न्हाई चालायचा. एक नंबर ठेवा."

मला दोन नंबरच हवा होता. कारण सांगायची लाज वाटते. शिबिरांचे फोटो काढायचं काम माझं, आणि तालुक्याच्या मासिक बैठकीत साहेब ते अंधारलेले फोटो सगळ्यांसमोर पडद्यावर लावून विचारायचे, "कदम, हे शिबिर विहिरीत घेतलं का?" लोक हसायचे. दोन नंबरमध्ये आमचा मळकट ओटासुद्धा झगझगीत दिसत होता. मी स्वतःचा फोटो काढून पाहिला, तर दहा वर्षांनी तरुण. शिवाय उपकेंद्रात दरवेळी शेवटचा शब्द सिस्टरांचाच असायचा, तेही कुठेतरी खुपत होतं. सिस्टर आत डबा खायला बसल्या, तेव्हा मी दोन्ही पट्ट्या अलगद सोलल्या, अदलाबदल करून चिकटवल्या, चाचणीचे फोटो पुसले. पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी बेलापूरला जाऊन दुसरा संच परत केला, पावती फाईलला लावली. फाईल मीच सांभाळायचो.

पुढच्या बैठकीत साहेब म्हणाले, "वा कदम!" मी खूश. सिस्टरही खूश. "बगा, एक नंबर निवडला म्हनून," त्या म्हणाल्या.

त्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड कामगारांचा तळ पडला होता. तिथे एका बाईला मुलगी झाली. चौथ्या दिवशी सिस्टर नगरला प्रशिक्षणाला गेलेल्या. त्यांनी फोन केला, "कदमभाऊ, तळावर जाऊन या. बाळाचा फोटो धाडा मला, एक नंबरवरनं काढा." मी गेलो. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत अंधार, बाळ गुंडाळलेलं, झोपलेलं. उन्हात न्यावं असं मला सुचलं नाही. तिथेच फोटो काढला आणि पाठवला. फोटोत बाळ गुलाबी, टवटवीत. सिस्टरांचं उत्तर आलं, "झ्याक हाय पोरगी. उद्या येतेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थेट तळावर गेल्या. बाळ दारात आणलं, अंगठा दाबला. मी शेजारीच होतो. तळपायापर्यंत पिवळं होतं. बाळ दूधही ओढत नव्हतं. सिस्टरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांनी बाळ पदराखाली घेतलं, आईला हाताला धरून उठवलं, आणि रस्त्यावर पहिली दिसली ती जीप थांबवली.

मुलगी वाचली. दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवली, पाच दिवसांनी घरी सोडली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं. पुढच्या हंगामात ते कुटुंब आलं, तेव्हा तिचे कान, नजर, चालणं सगळं तपासून घेतलं. काही कमी नव्हतं. त्या दिवशी मी उपकेंद्रामागे जाऊन एकटाच रडलो. ती वाचली नसती, तर हे लिहायला मी उरलो असतो की नाही, कोण जाणे.

पण सिस्टरांचं मात्र काहीतरी गेलं. त्यांनी त्या आईचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मासिक बैठकीत कुणी विचारलं नसताना उठून उभ्या राहिल्या. "मोबाईल मी निवडला. रंग पारखून घेतला म्हनले, आन् माझीच नजर चुकली. बाळ देवबापानं वाचवलं. चूक माझी लिहून घ्या." चाळीस माणसं ऐकत होती. त्यात मी होतो, खाली मान घालून.

नगरला जाऊन डोळे तपासून आल्या. डोळ्यांत दोष नव्हता, तरी त्यांचा विश्वास बसेना. सतरा वर्षं ज्यांनी कुणाला विचारलं नाही, त्या आता बाळाच्या कपाळावर अंगठा दाबून माझ्याकडे वळायच्या. "कदमभाऊ, तुमी बगा बरं. पिवळं वाटतं का?" दरवेळी. निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं. मी बघायचो आणि म्हणायचो, "नाही सिस्टर, बरं आहे." आणि त्या मला "देव तुमचं भलं करो" म्हणायच्या.

मागच्या महिन्यात देवळाली प्रवऱ्याला त्यांच्या घरी गेलो. शेजारणीच्या लेकीला बाळ झालंय, असं बोलता बोलता निघालं. मी विचारलं, "बघून आलात?" तर म्हणाल्या, "मी न्हाई आता कुनाचं बाळ बगत. माझ्या नजरेचा काय भरवसा?" तिथे मला राहवलं नाही. पट्ट्या, पुसलेले फोटो, पावती, सगळं सांगितलं.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे हळद मी बरोबर बगितली हुती?"

"हो सिस्टर."

"डोळे ठीक हुते माझे?"

"ठीक होते."

त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले आणि हसू लागल्या. हसता हसता रडल्या, परत हसल्या. "अरे द्वाडा! चार वर्षं मी देवबापाला इचारत बसले, माझी नजर का काढून घेतली म्हनून. त्यो तरी काय सांगनार बिचारा, त्यानं घेतलीच नव्हती!" अरेतुरे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा केलं. मला इतकं हलकं वाटलं की मीही वेड्यासारखा हसायला लागलो.

मग त्या एकदम गंभीर झाल्या. "माफ केलं का इचारू नगंस. माज्यापुरतं झालं. पन मी चाळीस मानसांत उभी राहून बोलले हुते. तू घरात बसून सांगतोस व्हय?"

उत्तर न ऐकताच त्यांनी चपला घातल्या आणि शेजारणीच्या दारात जाऊन हाक मारली, "ए, बाळ उन्हाला आन गं जरा!"

तालुक्याची बैठक पुढच्या मंगळवारी आहे. त्या खोलीत, त्याच माणसांसमोर उभं राहून चूक माझी होती हे सांगणं, आणि त्या मुलीची आई पुन्हा तळावर आली की तिलाही सांगणं, एवढं मी अजून देणं लागतो.