फोनशी बोलता बोलता

रायपुरात नवा मोबाइल आधी दुकानात येतो, मग माझ्या मोठ्या मावसभावाच्या हातात, आणि उरलेल्या जगाला त्यानंतर कधीतरी, यावर आमच्या घरात कुणाचं दुमत नाही. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, दादाच्या सरकारी कचेरीत कॉम्प्युटर आले, आणि आपणच तेवढं जुनं का राहायचं, असं त्याने मनावर घेतलं. समता कॉलोनीतल्या घरात देवघराशेजारी त्याने चक्क सर्व्हर थाटला. त्याला गरम होतं म्हणून घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडे तोंड करून असे. भर मे महिन्यात आम्ही पाहुणे सर्व्हरला खेटून बसायचो आणि त्याच्या वाट्याची हवा चोरायचो. कुणी नवा फोन दाखवला की दादा तो तळहातावर जोखायचा, पाठीवर टिचकी मारायचा आणि पसंत न पडलेलं टरबूज ढिगात ठेवावं तसा परत देत म्हणायचा, "चांगला आहे, पण तापून राहिला."

मग बोललेलं टाइप करून देणारं सॉफ्टवेअर आलं आणि घात झाला. दादाची बोली वऱ्हाडी, त्यात निम्मी हिंदी, वर 'हो'च्या जागी छत्तीसगढी 'हव'. फोनला त्यातलं ओ की ठो कळेना. दुसऱ्या कुणी फोन बदलला असता. दादाने स्वतःला बदललं. "मशीन शिकून नाही राहिली, त मीच शिकतो," म्हणाला आणि रोज सकाळी फोनसमोर बसून एकेक शब्द सुटा, पुस्तकातल्यासारखा बोलू लागला. फोनला सगळं कळायला लागलं, पण दादाची जीभ तिथेच अडकली. जेवताना म्हणायचा, "भाजी उत्तम झाली आहे स्वल्पविराम मीठ कमी आहे पूर्णविराम." वहिनी करवादायची, "काहून असे बोलून राहिले जी? मी काय मोबाइल आहो?" पुतणीच्या लग्नात त्याने नवरानवरीला "सुखी राहा उद्गारचिन्ह" असा आशीर्वाद दिला, तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो होतो.

मावशी, म्हणजे दादाची आई, बीरगांवला धाकट्या मुलाकडे असते. तिची नजर गेली, हळूहळू आठवणही विरत चालली. माणूस ओळखते ती फक्त बोलण्यावरून. एका रविवारी मी दादाबरोबर गेलो होतो. तो तिच्या खाटेशी बसून म्हणाला, "आई, तुझी तब्येत कशी आहे?" मावशीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बरी आहो जी. तुमी बसा भैया. माझा मोठा पोट्टा येऊनच राहिला."

"अगं, मीच आहे," दादा म्हणाला. मग घाईघाईने, "माय, मी... मीच येऊन... राहिलो." शब्द जुनेच होते, पण एकेक सुटा, फोनला सांगावा तसा. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि सुनेला हाक मारली, "पाहुण्याले चहा दे वं."

परतताना दादाने वाटेत एकदाही फोन काढला नाही.

आता सर्व्हर बंद असतो आणि कूलरची हवा माणसांना लागते, पण त्या हवेत बसायला पूर्वीसारखी मजा येत नाही. दादा फोन घरी ठेवून दर रविवारी बीरगांवला जातो. मावशी पाहुण्याला आपल्या मोठ्या पोट्ट्याचं कौतुक सांगते, "लय बोलते जी तो. एक घडी चूप नाही बसत." दादा मान खाली घालून चहा पितो. तिचं सांगून झालं की तिचा हात हातात घेतो आणि म्हणतो, "येईल तो, माय."