सात मणके

एप्रिलच्या शेवटी शाळेतून स्कूटरवर देवळीला परतत होते. रानडुक्कर आडवं आलं, मी पडले आणि मानेच्या एका मणक्याला चीर गेली. तीन महिने गळपट्टा लागला. हनुवटीपासून छातीपर्यंत टणक प्लास्टिक, आत घामानं भिजलेला स्पंज आणि बाहेर आमच्याकडचं ऊन.

"घाबरू नका मॅडम, सातातला एकच दुखावलाय," वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले. सात! माणसाच्या मानेत सात मणके, जिराफाच्याही सातच, फक्त त्याचा एकेक वीतभर लांब, हे मी एकोणीस वर्षं विज्ञानाच्या तासाला मोठ्या ऐटीत सांगत आले. आता ते सातही मला एकेक करून मोजता येत होते. जूनअखेरीस शाळा उघडायच्या आत आपण परत उभ्या राहतो की नाही, एवढीच धास्ती होती.

घरच्यांना ती नव्हती. आता पुरे झाली नोकरी, असं सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं.

आमच्या घरात सून मानेनं बोलते. लग्नाला बावीस वर्षं झाली. चहा टाकते का? मान. पाहुण्यांच्या लग्नाला जायचं ना? मान. तोंडानं उत्तर दिलं की ते उलट बोलण्यात जमा. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज उंबऱ्याशी चपलांसोबत राहायचा आणि मी आत येऊन नंदीबैलासारखी डोलायची. पट्टा लागला आणि मान ना खाली होई, ना आडवी. मी खुर्चीत बसून समोरच्या कूलरकडे बघत राही. कोणी बाजूनं बोललं तर माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. कोंडून घातल्यासारखं वाटे. रडूही नीट येईना, कारण हुंदका दिला की मणका ठणके.

मग मोबाइल डोळ्यांसमोर धरून मी जिराफ वाचू लागले. इतकी वर्षं मी त्याची मान शिकवली, ती सांभाळण्याचे त्याचे हाल कधी शिकवलेच नाहीत. पाण्याला तोंड लावायचं तर पुढचे पाय फाकवावे लागतात आणि तेवढ्यात सिंह गाठू शकतो. झोप थोडीशीच, तीही तुकड्यातुकड्यांनी. मीही खुर्चीत तशीच डुलक्या काढत होते. लोक त्याला मुका समजतात. पण त्याला कंठ आहे, आणि त्या कंठाला आवाज देणारी एक नस मेंदूतून निघते ती थेट घशाकडे जात नाही. मानभर खाली उतरते, हृदयाजवळच्या धमनीला वळसा घालते आणि पुन्हा मानभर वर चढते. वीतभराच्या कामाला काही मीटरची पायपीट! माणसातही ती असाच वळसा घेते, फक्त छोटा. मला त्या नसेची फार कीव आली.

जूनमध्ये एका दुपारी नवरा कागद घेऊन आला. माझ्या नावानं राजीनामा टाइप केला होता. सही तेवढी बाकी होती.

"आई, तिले विचारलं का?"

"विचारलं ना सकाळीच. मान हालवली नाई तिनं. म्हणजे हो."

मी खुर्चीत ताठ बसलेली. नवऱ्यानं पेन हातात दिलं. सवयीनं मान खाली जायला निघाली, हनुवटी प्लास्टिकवर आदळली आणि तिथंच अडकली. कागदही दिसेना. आवाज आधी छातीपर्यंत उतरला, तिथं वळसा घेऊन मग वर चढला.

"नाई!"

शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता तो. नवऱ्याच्या हातातला कागद खाली पडला.

"अवं माय!" सासूबाई दचकल्या. "एवढ्या जोरानं काऊन बोलून राह्यली? मान हालवली असती तरी चाललं असतं."

 पट्ट्याच्या आत सातही मणके थरथरत होते.

जुलैअखेरीस पट्टा निघाला आणि मी शाळेत हजर झाले. लोक अजून माझ्या हिमतीचं कौतुक करतात. खरं सांगते, त्या दुपारी मान हलत असती, तर मी 'हो'च म्हटलं असतं.