बाण कुठून निघाला

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी माझा ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा विषय राहिला. नोट्स तर मला तोंडपाठ होत्या. कुठली आकृती कुठल्या पानाच्या तळाला आहे, ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण पेपरात विचारलं होतं, 'पुढे काय तयार होईल ते लिहा,' आणि त्यातला एकही रेणू माझ्या वहीत नव्हता.

मी शिरूरला कॉलेजात जाऊन केमिस्ट्रीच्या मॅडमना भेटले. त्यांनी माझी वही चाळली. एवढी सुबक वही बघून कौतुक करतील, असं मला वाटलं होतं.

"ही आता बंद ठेव," त्या म्हणाल्या. "जुन्या पेपरांतले प्रश्न सोडव. अडलीस तरी वीस मिनिटं उत्तर बघायचं नाही. आणि चुकलं, तर का चुकलं ते एका ओळीत लिहून ठेव."

पहिल्या दिवशी दहातले दोन बरोबर आले. वीस मिनिटं फार मोठी असतात. चार दिवस मी पाचव्याच मिनिटाला उत्तर बघत होते आणि 'हे तर मला येतच होतं' असं म्हणून पुढं जात होते.

आमची वडगाव रासाईला शेवंतीची शेती आहे. दुपारी शेडमध्ये सगळे फुलं निवडायला बसतो. पाचव्या दिवशी मी मांडीवर कागद घेऊन बसले होते. शेजारी वडील होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. ते सातवीपर्यंत शिकलेले.

"हे बाण कसले गं?"

"इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातात, ते दाखवायला. जिथं जास्त हायेत तिथून, कमी हायेत तिकडं."

त्यांनी कागद जवळ घेतला. "मग ह्यो बाण मधल्याला सोडून शेजारच्याकडं का गेला?"

"उत्तरात तसंच दिलंय, आप्पा."

"दिलंय ते खरं. पर तुला ठावं हाय का?"

मी कागद उलटा ठेवला आणि फुलं बाजूला सारून तोच प्रश्न पहिल्यापासून मांडला. अर्ध्या तासानं लक्षात आलं. मधल्या कार्बनाच्या तिन्ही बाजूंना गर्दी होती. अल्कलीला आत शिरायला जागाच नव्हती, म्हणून तिनं शेजारच्या कार्बनावरचा हायड्रोजन ओढून घेतला. आप्पांना तसं सांगितलं.

"व्हय, आता पटलं," ते म्हणाले.

त्यानंतर रोज एक प्रश्न मी त्यांना समजावून सांगायचे. रसायनशास्त्र त्यांना कळत नव्हतं, पण माझा आवाज कुठं ढिला पडतो ते बरोबर कळायचं. "हितं तू घाईनं बोललीस," एवढंच म्हणायचे, आणि घोळ नेमका तिथंच असायचा.

महिन्याभरानं मी चुकांची वही वाचून काढली. 'बाण धन भारापासून काढला', म्हणजे इलेक्ट्रॉन जिथं कमी तिथूनच काढला, ही एकच ओळ त्यात अकरा वेळा होती. म्हणजे मला वाटायचं तशी मी शंभर गोष्टींत कच्ची नव्हते, दोन-चारच गोष्टींत होते. त्या दिवसापासून मी तसलेच प्रश्न शोधून शोधून सोडवले. वीस मिनिटं कधी संपली ते कळेनासं झालं.

परीक्षेत शेवटचा प्रश्न एका गोल कड्यासारख्या रेणूचा होता. तसला मी कधीच पाहिला नव्हता. मग स्वतःला विचारलं, इलेक्ट्रॉन जास्त कुठं आहेत? तिथून पहिला बाण काढला. दुसरा त्याच्या मागोमाग सुचला. शेवटच्या पायरीची खात्री नव्हती, तरी मला जे वाटलं ते कारणासकट लिहिलं.

निकाल लागला तेव्हा आप्पा दौंडला एका लग्नाला गेले होते. फोनवर मागं बँड वाजत होता. मी ओरडून सांगितलं, "पास झाले, बासष्ट पडले."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "चुकलं कुठं?"

"शेवटच्या प्रश्नात. शेवटची पायरी. मागाहून पुस्तकात बघितलं."

"मी घरी आल्यावर सांग, आता जेवायला बसतोय," म्हणाले आणि फोन ठेवला.