टाकी रिकामी, लॉन हिरवं

आमच्या पार्कात पाणी साठत नाही, पाण्याच्या गोष्टी साठतात. चार उन्हाळ्यांत माझ्याकडे इतक्या जमल्यात की टाकीत घातल्या असत्या तर वरून वाहिल्या असत्या.

पार्क ओटागोच्या आतल्या कोरड्या पट्ट्यात आहे. इथले डोंगरसुद्धा तपकिरी. टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी एक म्हातारा पाइप कॅम्पिंगच्या जागेपर्यंत आणतो आणि बरंचसं वाटेतच सांडतो. शिकायला म्हणून आले, डिग्री घेतली, आणि आता या पाइपची देखभाल करते. पुण्यात आईला हे अजून पटलेलं नाही. "न्यूझीलंडमध्ये पाणी नाही? मग तू नक्की गेलीस कुठे?" असं ती फोनवर विचारते.

*

पाइप जमिनीखालून कुठून जातो त्याचा नकाशा होता म्हणे. ऑफिस हलवताना तो हरवला. उरला ट्रेव्हर. हा ऐंशीच्या घरातला माणूस तरुणपणी पाइप टाकणाऱ्या टोळीत होता. गळती शोधायला आम्ही त्याला घरून घेऊन आलो.

तो काठी टेकत हिंडला, थांबला आणि "इथे" म्हणाला. आमचा रेंजर क्रेग, त्याने डिगरने खड्डा केला. काही नाही. ट्रेव्हर चार पावलं सरकला. पुन्हा "इथे". दुपारपर्यंत सहा खड्डे झाले. पार्कात रानडुकरं शिरलीत का, असं एका बाईंनी मला काळजीने विचारलं.

सातव्या खड्ड्यात डिगरचा दात थेट पाइपमध्ये घुसला. पाणी उसळलं, क्रेग नखशिखांत भिजला. ट्रेव्हरने टोपी झटकली.

"म्हटलं होतं ना, इथेच आहे."

*

फिलिपा आमची मॅनेजर. ती शहरातल्या हेड ऑफिसात बसते. तिने एकदा गेटपाशी लावायला मोठा लाकडी बोर्ड पाठवला. 'प्रत्येक थेंब मोलाचा.' बोर्डाभोवती लॉन, आणि लॉनवर दिवसभर स्प्रिंकलर.

मी स्प्रिंकलर बंद केला. आठवड्यात तिचा फोन. रखरखीत जमिनीत बोर्ड उठून दिसत नाही, म्हणाली. मी सांगितलं की पाण्याअभावी खालचे टॉयलेट बंद ठेवावे लागताहेत. तिने ते नीट ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं.

पुढच्या आठवड्यात टॉयलेटच्या दारावर लावायला दुसरा बोर्ड आला.

*

पाइप बदला, असं आम्ही दरवर्षी लिहीत होतो. शेवटी मंजूर झाला तो पिण्याच्या पाण्याचा एक चकचकीत स्टीलचा नळ. जोडला त्याच पाइपला. उद्घाटनाला हेड ऑफिसचे सगळ्यात मोठे साहेब आले. 'किया ओरा' या माओरी नमस्काराने सुरुवात करून ते पाण्याच्या भविष्यावर बराच वेळ बोलले, मग त्यांनी बटण दाबलं.

नळ खोकला. आतून एक कोळी बाहेर आला आणि निवांत चालत गेला.

तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "सर, नुसतं वाका. प्यायल्यासारखं करा."

सर वाकले. तो फोटो आमच्या ब्रोशरच्या कव्हरवर आहे.

*

गेल्या लाँग वीकेंडला मात्र टाकी पार आटली. पार्क भरलेलं, ऊन भाजून काढणारं, आणि टँकर दुपारी आला. तो थांबायच्या आत लोक कॅन घेऊन धावले. एका गोऱ्या आडदांड माणसाने चार कॅन रेटून सगळ्यात पुढे लावले. मागे एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन उभी होती, हातात दुधाची रिकामी बाटली. मी युनिफॉर्ममध्ये होते, पण माझ्या तोंडून 'एक्स्क्यूज मी'च्या पुढे काही निघेना.

मनुरेवाहून एक मराठी फार्मासिस्ट कुटुंबासह आला होता. त्याची आई दुष्काळी आटपाडीकडची, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली. नऊवारी आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा थाटात ती उठली, सरळ टँकरच्या नळापाशी गेली आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"आधी रांग. मग पानी," ती म्हणाली. दहा वर्षांच्या नातीने ते इंग्रजीत सांगितलं.

मग म्हातारीने त्या आडदांड माणसाला विचारलं, "तुज्या घरात मानसं किती?"

"हाऊ मेनी इन युअर व्हॅन?" नात म्हणाली.

तो म्हणाला, एकटाच आहे. म्हातारीने त्याचे तीन कॅन उचलून बाजूला ठेवले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी क्रेगकडे पाहिलं. क्रेगने आभाळाकडे पाहिलं.

म्हातारीने तान्ह्याच्या आईला दंडाला धरून पुढे आणलं, तिची बाटली स्वतः विसळून भरून दिली. मग एकेका तंबूला विचारत, बोटांवर मोजत, तासाभरात सगळ्यांना पाणी वाटलं. आडदांड माणूस शेवटपर्यंत थांबला आणि लोकांचे भरलेले कॅन उचलून देत राहिला. म्हातारीने आपली बादली सगळ्यात शेवटी लावली. ती अर्धीच भरली.

पंधरा दिवसांनी फिलिपाचा ईमेल आला. पाहुण्यांनी पाणीवाटपाची फार स्तुती केली आहे, त्या दिवशी आपण कोणत्या कन्सल्टंटला बोलावलं होतं? पुढच्या उन्हाळ्यासाठी त्यांना आत्ताच बुक करून ठेवू.

मी उत्तर पाठवलं, "त्या उपलब्ध नाहीत. त्यांचा व्हिजिटर व्हिसा संपला."