कशाचं गोड

माझ्या नणंदेची जीभ तिखट आहे हे आमच्या सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. तीच जीभ कारखान्यात नोकरी करते, हे मात्र मला लग्न होऊन या घरात आल्यावर कळलं. ताई आइस्क्रीमच्या कारखान्यात चाखणाऱ्या होत्या. लोक म्हणायचे, काय नशीबवान बाई, दिवसभर आइस्क्रीम खाते. ताई म्हणायच्या, "खाते कुठली, दिवसभर थुंकते."

ते खरंच होतं. त्या कामात गिळायचं नसतं. चमचाभर तोंडात घ्यायचं, जिभेवर फिरवायचं, भांड्यात टाकायचं आणि कोमट पाण्यानं चूळ भरायची. तेही आइस्क्रीम गार असताना नाही, विरघळवून. गारठ्यानं जीभ झोपते आणि झोपलेल्या जिभेला विचारून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. कामाच्या दिवशी कांदा नाही, लसूण नाही, वासाचं तेल नाही, पावडर नाही. आमचं लग्न व्हायच्या आधी बहीण-भाऊ एकत्र राहायचे, तेव्हा माझ्या नवऱ्याला दाढीनंतरचं सुगंधी पाणी जिन्यात उभं राहून लावावं लागे. शेजाऱ्यांना वाटायचं, हा पोरगा कुणासाठी तरी जिन्यात नटतो. ताईंनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "एकाच चवीवर जन्म काढायचा? माझ्यानं नाही होणार."

निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना एक जुना आडवा फ्रीझर दिला. तो त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आला आणि पलंगाला भिंतीकडे सरकावं लागलं. त्या दिवसापासून आमच्या मुलांचा उन्हाळा ताईंकडे जाऊ लागला. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, गिऱ्हाइकांची नजर तपासते. नवरा दिवसभर कामावर. सुट्टीत मुलांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न त्या फ्रीझरनं परस्पर सोडवला. थोरला आता अकरा वर्षांचा आहे. धाकटीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण घरात साखर कुठंही लपवली तरी ती तिथं पोचते.

ताईंची आणि माझी खरी जुंपली ती साखरेवरूनच. डॉक्टरांनी थोरल्याचं वजन पाहून गोड कमी करायला सांगितलं, म्हणून यंदा सुट्टी लागायच्या आधीच मी ताईंना बजावलं, की काय गोठवायचं ते गोठवा, पण साखर घालायची नाही. ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"अगं, साखर काय नुसती गोडीला घालतात होय? साखर नसेल तर बर्फाचा दगड होतो. चावताना पोरांचे दात पडले तर तू लावणार का चष्म्यासारखे?"

"फळं घाला की."

"मला शिकव आता. एवढी वर्षं मी गवत चाखत होते."

पण दोनच दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला की पिकलेली केळी आणि खजूर आणून दे. केळं कुस्करून गोठवलं की दगड होत नाही, मऊ राहतं. दूध खजूर घालून आटवलं की साखर लागत नाही. दही फडक्यात टांगून त्याचं पाणी काढलं तर त्यात बर्फाचे खडे होत नाहीत. साखर सोडायचा शब्द दिला म्हटल्यावर ताई अशा हट्टाला पेटल्या, की मुलांनाच त्यांची दया आली असावी. थोरल्याकडे चिरणं आणि वाट्यांत ओतणं. मुंगीकडे कुस्करणं, कारण त्यात हात बरबटतात. साचे म्हणजे घरातले छोटे पेले, आणि काड्या म्हणजे लाकडी चमचे. शेवटी चमचा ताईंकडे जायचा. ताई डोळे मिटायच्या, मुलं श्वास रोखायची. मग निकाल. कलिंगड पुढे आलंय, लिंबू मागे राहिलंय. किंवा नुसतं, एक नंबर. मुलं घरी आली की मला रोजचा निकाल सांगायची.

एक गोष्ट मात्र मधल्या काळात झाली होती. हिवाळ्यात ताईंना मोठा ताप येऊन गेला होता. त्या उठल्या, हिंडूफिरू लागल्या, पण खाणं उतरलं. जेवायला बोलावलं तर दोन घास खाऊन म्हणायच्या, पोट साथ देत नाही. त्यांच्याकडच्या भाजीत कधी हिंग इतका, की डोळ्यांत पाणी यावं, कधी नावालाही नाही. नवरा म्हणाला, वय झालं तिचं. मीही मान डोलावली.

मग तो दिवस आला. आमच्या दुकानातली वीज गेली, आणि मालकांनी दुपारीच शटर ओढलं. मी मुलांना घ्यायला म्हणून थेट ताईंकडे गेले. फाटकापाशीच वास आला. दूध लागल्याचा वास. साधासुधा नाही, पातेल्याचं बूड काळं झाल्याशिवाय असा वास येत नाही. मी धावतच आत गेले.

स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. थोरल्यानं गॅस बंद केलेला होता. मुंगी एका वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. आणि ताई मधोमध उभ्या, अगदी शांत, हातात चमचा. त्यांनी चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "खजुराची गोडी आधी येते. सायीचा वास मागून. एक नंबर."

"एक नंबर!" दोन्ही मुलं ओरडली.

मी तोंड उघडणार, इतक्यात थोरल्यानं माझ्या पायावर पाय दिला. चुकून नाही, चांगला दाबून दिला. 

चष्म्याच्या दुकानात असली माणसं मी रोज पाहते. ज्यांना दिसत नाही पण कबूल करायचं नसतं, ती आधीच्या गिऱ्हाइकाच्या वेळी मागं उभी राहून भिंतीवरच्या पाटीची अक्षरं पाठ करतात. मग खुर्चीत बसून धडाधड म्हणून दाखवतात. मी पाटी बदलली तरी जुनीच अक्षरं म्हणतात. ताई तेच करत होत्या. दूध-खजुराची चव कशी असायला हवी हे त्यांना पाठ होतं, आणि त्या पाठ म्हणत होत्या.

वाटेत मी थोरल्याला धरलं.  बोलली मात्र मुंगी. तिच्या पोटात काही राहत नाही.

"आत्याला वास येत नाही. मी रोज सकाळी दूध हुंगते. नासलं असलं तर दादा ओतून देतो."

"सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं," थोरला म्हणाला. "मी केळ्याची वाटी दिली आणि आत्या म्हणाली, खरबूज छान उतरलंय. मुंगी हसणार होती, मी चिमटा काढला. तेव्हापासून मी आधीच मोठ्यानं सांगतो, आत्या, हे केळ्याचं, हे कलिंगडाचं. मग तिचं बरोबर येतं."

"आणि आजचं ते करपलेलं? ते काय करणार होतात?"

"खाणार होतो," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यातलं पण खाल्लं. तिला वाईट वाटलं असतं ना."

मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी भीतीही. ज्या घरात गॅस सुटला तर कळणार नाही, त्या घरात माझी दोन मुलं दिवसभर असतात, आणि घरातली मोठी माणसं म्हणून तीच वावरतात. नवऱ्याला सांगितलं तर तो चहा पिता पिता थांबला. "उद्यापासून नको पाठवू," म्हणाला. "माझी बहीण आहे, मला काय हौस आहे? पण मुलं आहेत ती. तू जाऊन सांग. मला नाही सांगता येणार." अवघड निरोप असला की बहीण त्याची, पण जायचं मी.

मी त्याच संध्याकाळी गेले. ताई पातेलं घासत बसल्या होत्या. काळं बूड डोळ्यांना तर दिसत होतंच. त्यांनी वर पाहिलं आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "कळलं ना तुला? मगाशी तुझं नाक बघितलं मी."

मी शेजारी पाटावर बसले. हिवाळ्यापासून त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि आता एकदम बोलत सुटल्या. तापातून उठल्यावर पहिला चहा घेतला तर नुसतं गरम पाणी. डॉक्टरांनी पाहिलं. म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही येणार.

"गोड कळतं, आंबट कळतं, खारट कळतं. पण कशाचं गोड ते कळत नाही गं. केळं काय नि कलिंगड काय, सगळं सारखंच. जेवायला बसले की पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं." मग घासणी खाली ठेवून म्हणाल्या, "मुलांना सांगू नकोस. त्यांच्यापुढे तरी मला चाखणारी राहू दे. वर्षभर मी या सुट्टीची वाट बघते."

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण मला ते जमलं नाही.

"ताई, मुलांना माहीत आहे."

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून करपलेलंसुद्धा खातात."

मला वाटलं होतं, त्या रडतील, मुलांचं कौतुक करतील. त्यांचा चेहरा मात्र आवळत गेला. "म्हणजे ते एक नंबर, एक नंबर... माझी समजूत काढत होते? पोरं मला खेळवत होती?" त्या उठल्या आणि पातेलं दाणकन पालथं घातलं. "मग नकोच पाठवू. माझ्या चमच्याचा खोटा मान ठेवायला मला कुणी नको."

घरी येऊन मी नवऱ्याला एवढंच म्हणाले, की तुला हवं तसं झालं. त्याला ते बोचलं असावं. रात्रभर कूस बदलत होता. सकाळी स्वतःहून म्हणाला, "कामावर जाता जाता तिच्या सिलेंडरचा रेग्युलेटर काढून आणतो. आपण संध्याकाळी गेलो की लावू. फळं गोठवायला गॅस कशाला लागतो?" कधीकधी हा माणूस शहाण्यासारखं बोलतो. दूध हुंगायचं काम मुंगीकडे होतंच. पण मुख्य अडचण तशीच होती. ताईंनीच मुलं नको म्हटलं होतं.

मी मालकांना उशिरा येते म्हणून कळवलं, मुलांना घेतलं आणि वाटेत खरबूज घेतलं. ताईंनी दार उघडलं आणि पाठ फिरवली. बाहेरच्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. थोरला दारातच घुटमळला. त्याला वाटलं, आपणच काही मोडलंय. मुंगीला असला संकोच माहीत नाही. ती सरळ आत गेली, स्टूल ओढलं, दादाला हाक मारली. आतून चिरण्याचा, कुस्करण्याचा, भांडं पडल्याचा, आणि मग तू-तू मैं-मैंचा आवाज आला. ताईंचे कान तिकडे होते, पण मान वळत नव्हती.

थोड्या वेळानं मुंगी बाहेर आली. कोपरापर्यंत बरबटलेली, हातात वाटी आणि चमचा. सवयीनं ती ताईंपुढे जाऊन उभी राहिली आणि चमचा पुढे केला.

"मला कशाला देतेस?" ताई भिंतीकडेच बघत म्हणाल्या. "तुला ठाऊक आहे ना सगळं. तूच चाख."

मुंगीनं माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. तिनं रोजच्या निकालासाठी तोंड उघडलं, आणि मला भीती वाटली की आता ही पुन्हा एक नंबर म्हणणार आणि सगळं संपणार. तिनं चमचा तोंडात घातला. तोंड वाकडं केलं.

"बेकार," ती म्हणाली.

"मुंगे!" थोरला ओरडला.

ताई वळल्या. हिवाळ्यापासून त्यांना चवीचं खरं कुणी सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्या पुढे सरकल्या, मुंगीची हनुवटी बोटानं वर केली.

"बेकार म्हणजे कसं? नीट सांग. नुसतं बेकार म्हणून चालत नाही."

मुंगीनं जीभ तोंडात फिरवली. विचार केला. पुन्हा एक चमचा घेतला, डोळे मिटले, हुबेहूब ताईंसारखे.

"दात घासल्यासारखं लागतंय."

ताई हसल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला आणि मग तो डोळ्यांनाही लावला.

"पुदिना घातलास ना मूठभर? कुणी सांगितला होता?" त्या पलंगावरून उतरल्या आणि चपला शोधायला लागल्या. "दादा, उरलेलं खरबूज चीर. सगळं. आणि तू गं, चूळ भर आधी, कोमट पाण्यानं. तशा तोंडानं पुढचं चाखायचं नसतं."