आरोपी क्रमांक पाचची नक्कल

माझ्या नवऱ्यावर दरोड्याचा खटला होता, ही बातमी मला सिंगापुरात, चोआ चू कांगच्या एमआरटी स्टेशनबाहेर, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना कळली. फोन त्याचाच होता. क्वीन्सटाउनच्या एका कंपनीत त्याला नवी नोकरी मिळाली होती, जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन झाला होता, आणि नव्या कंपनीने ज्यांना त्याची माहिती तपासायला सांगितलं होतं, त्यांनी भारतातल्या कोर्टांच्या वेबसाइटवर त्याचं नाव शोधून काढलं होतं. सेशन्स केस. गुन्हा दरोड्याचा. तालुका आमचाच. "काहीतरी घोटाळा आहे," तो म्हणाला. तेवढं मलाही कळत होतं.

माझा त्याच्यावर फार विश्वास आहे अशातला भाग नाही. मी त्याला ओळखते, एवढंच. दरोडा म्हणायला कायद्याने किमान पाच माणसं लागतात, हे मी त्याच दिवशी वाचलं. माझ्या नवऱ्याचं चार माणसांशी आजवर कशावरही एकमत झालेलं नाही. मित्रांबरोबर हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत गेला तर काय मागवायचं यावर हे लोक इतका वेळ वाद घालतात की धरलेलं टेबल हातचं जातं. हा कसला दरोडा घालणार?

पण कंपनीला हे सांगून चालणार नव्हतं. तिथल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की रुजू व्हायच्या तारखेच्या आत कोर्टाचा कागद द्या, म्हणजे तो माणूस तुम्ही नाही हे आम्हाला दाखवता येईल. कागद नाही तर नोकरी नाही. नोकरी नाही तर इथे राहायचा पास नाही, आणि माझा नि लेकीचा पास त्याच्या पासाला लटकलेला. म्हणजे फ्लॅट, शाळा, नुकतं घेतलेलं वॉशिंग मशीन, सगळं गुंडाळून परत. मी घाबरले होते. घाबरले की मी नवऱ्यावर चिडते, त्यामुळे घरात त्या दिवसांत फार काही सुखाचं वातावरण नव्हतं.

आम्ही दोघांनी ती वेबसाइट उघडली. राज्य निवडा, जिल्हा निवडा, कोर्ट निवडा, वेडीवाकडी अक्षरं ओळखून दाखवा. मला त्यातलं एकही अक्षर धड ओळखता येईना, शेवटी लेकीला बसवलं. नुसतं नाव जुळलं असतं तर मी म्हटलं असतं, असतात एका नावाची माणसं. पण आपल्याकडे नावाच्या पाठीला बापाचं नाव बांधलेलं असतं, आणि त्या आरोपीच्या बापाचं नावही तेच होतं. नाव तेच, वडिलांचं तेच, आडनाव तेच. केसचं पुढे काय झालं, या रकान्यात एकच शब्द होता, निकाली. आता निकाली म्हणजे सुटला की अडकला, याचा पत्ता नाही. लेकीने एकदा पडद्याकडे आणि एकदा बापाकडे पाहिलं आणि इथल्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीच्या हेलात विचारलं, "पप्पा रॉबर आह?" तिच्या आवाजात पहिल्यांदाच त्याच्याबद्दल थोडा आदर होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने घरूनच, स्पीकर लावून, तिथल्या कोर्टाच्या नक्कल विभागात फोन लावला. कोर्टात प्रतीला नक्कल म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटलं, नकला करणाऱ्यांचा काही विभाग असावा. फोन उचलला, हेच मोठं नवल. पलीकडच्या माणसाने आरोपीचं नाव विचारलं. नवऱ्याने सांगितलं. मग त्याने अर्जदाराचं नाव विचारलं. नवऱ्याने तेच पुन्हा सांगितलं. पलीकडचा म्हणाला, आरोपीचं कळलं हो, तुमचं सांगा. नवरा म्हणाला, हेच माझं.

मग त्या माणसाने आवाज खाली आणून समजुतीच्या सुरात सांगितलं की तुम्हीच आरोपी असाल तर लाजायचं कारण नाही, साधा अर्ज करा, नक्कल मिळून जाईल. त्रयस्थ असाल तर मात्र प्रतिज्ञापत्र लागेल, कारण द्यावं लागेल, साहेबांची परवानगी लागेल, आणि साहेब रजेवर आहेत. मी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. क्षणभर तो चक्क मोहात पडला होता. आपण आरोपी नाही हे सिद्ध करायला आरोपी व्हायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

आता गावाकडे सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आम्ही बाबा. फोनवर जय भीम झाल्यावर मी हळूहळू, गोळी गुळात घालून सांगावी तसं सांगितलं. मुलाच्या नोकरीचं त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या मनाला लागलं ते वेगळंच. आरोपीच्या बापाच्या जागी त्यांचं नाव होतं, तेही सरकारी कागदावर. जन्मभर पोरांना शिस्त लावली आणि शेवटी नाव गेलं ते एका चोराचा बाप म्हणून, असं ते म्हणाले आणि संतापाने त्यांना खोकला आला.

मग त्यांनी जे केलं ते मी असते तर केलं नसतं. विहारात, बाजारात, दाढीच्या दुकानात, भेटेल त्याला ते स्वतःहून सांगू लागले की दरोड्याच्या खटल्यातला तो चोर म्हणजे माझा मुलगा नव्हे. गावात कोणाला असा खटला असल्याचीच खबर नव्हती. आता सगळ्यांना झाली. मी फोनवर कपाळाला हात लावला, पण तो त्यांना दिसणार कसा?

आणि एक दिवस ते चप्पल घालून निघाले, त्या चोराला बघायला. तो दोन गावं सोडून राहत होता, हे त्या बोभाट्यातच त्यांना कळलं होतं. बाबा भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्यांना पाहून तो बाजेवरून उठला, जय भीम घातला, त्यांना बसवलं आणि शेळीच्या दुधाचा चहा केला. माझ्या नवऱ्यापेक्षा बराच मोठा माणूस. त्याचे वडील केव्हाच गेलेले. त्याने सगळं सरळ सांगितलं. त्याची शेळी शेजारच्या वस्तीतल्या कळपात गेली होती, ती आणायला तो गेला, तर तिथे आधीच चार माणसांची कळपाच्या मालकाशी शेळ्यांवरून मारामारी चाललेली. त्या मालकाने फिर्यादीत पाचवा म्हणून याचंही नाव सांगून टाकलं. चार जणांची जबरी चोरी झाली असती, हा आला आणि दरोडा झाला. तारखांना जाऊन जाऊन शेळ्या विकल्या, आणि शेवटी सगळे सुटले.

बाबांनी विचारलं, निकालाचा कागद कुठे आहे? तो म्हणाला, सुटल्यावर कागद कशाला घ्यायचा? मग तो जे बोलला, ते बाबांनी मला फोनवर त्याच्याच शब्दांत सांगितलं. "गुरुजी, पकडलं तवा समद्या तालुक्याले मालूम होतं. सुटलो म्हून मले आजपर्यंत कोणी इचारलं नाई."

बाबा त्यानंतर त्याला चोर म्हणाले नाहीत. दुसऱ्याच दिवशी दोघं एसटीने कोर्टात गेले. आरोपी स्वतः अर्ज घेऊन उभा, त्यामुळे काही अडचण आली नाही. नक्कल विभागातल्या त्या माणसाने मात्र नाव वाचून मान वर केली आणि विचारलं, सिंगापूरहून कधी आलात?

नक्कल मिळाली तशी बाबांनी तिचे फोटो पाठवले. शिक्क्यावर लिहिलं होतं, खरी नक्कल. मराठीतला निकाल, कंपनीला हवा इंग्रजीत, म्हणून आम्ही भाषांतर करून घेतलं. भाषांतरवाल्या बाईंनी मुद्देमालातल्या बोकडासाठी दोनदा फोन केला. कंपनीच्या गोड आवाजाच्या बाईंनी तो कागद लक्ष देऊन वाचला. आरोपीचं वय जुळत नव्हतं, धंद्याच्या ठिकाणी शेळीपालन होतं, सहीच्या जागी अंगठा होता. बोकड शेवटी सापडला का, एवढंच त्यांनी विचारलं आणि तपासणी पूर्ण झाल्याचं सांगितलं. नवरा ठरल्या तारखेला रुजू झाला. त्या सकाळी तो लिफ्टमध्ये शिरल्यावर मी दार लावलं आणि थोडं रडून घेतलं.

इथे हे संपायला हवं होतं. पण बाबांच्या मनातून ते जाईना. ज्यांना ज्यांना आपण त्याला चोर म्हणून सांगितलं, त्यांच्यासमोर शब्द परत घ्यायला हवा, असं त्यांनी ठरवलं. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर ते त्या माणसाला शेजारी घेऊन उभे राहिले आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात निकालाचं शेवटचं पान वाचू लागले. आरोपी क्रमांक पाच, मग पूर्ण नाव, त्यात त्यांचं स्वतःचं नाव, आणि मग, याची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. मागच्या बाजूला बसलेल्यांना तेवढंच ऐकू आलं. गुरुजींचा पोरगा सुटला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पळत जाऊन पेढे आणले.

मी बाबांना फोनवर म्हटलं, तुम्ही तिथल्या तिथे दुरुस्त का नाही केलं? बाबांनी आयुष्यभर लोकांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. ते म्हणाले, "करणारच होतो. पण लोक पेढा घेऊन आले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. टाळ्या कोणाच्या नावाच्या आहेत हे त्याला काय करायचंय? नाव तर त्याचंच होतं."

त्या आठवड्यात आम्हाला गावाहून फोन येऊ लागले. पहिला शेजारच्या म्हाताऱ्या काकांचा होता. सुटलास म्हणे बाबा, लय बरं झालं, असं ते म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा घोटाळा मुळापासून समजावून सांगणार, वाद घालणार, आणि माझा भात गार होणार. त्याने समजावलं नाही. "हो काका, सुटलो," म्हणाला.

फोन ठेवला आणि लगेच बाबांकडून घेतलेला, त्याच्याच नावाच्या त्या शेळीवाल्याचा नंबर लावला. "दादा, तुमच्यासाठी फोन आला होता," तो म्हणाला. "सुटल्याबद्दल अभिनंदन सांगा म्हणाले."