चिखलावरच्या पाण्याचा वास

भूतखेत, अंगात येणं... असलं काही ऐकलं की मी हसते. आधीच सांगते, हे कुणाला पटवायला लिहीत नाहीये.

आमच्या रामदासपेठेतल्या लॅबमध्ये अरबी समुद्राच्या तळाचा चिखल आला होता. कोल्ड रूममधल्या काचेच्या नळ्यांत खाली चिखल, वर स्वच्छ खारं पाणी. चिखलात मेलेलं-कुजलेलं जे साठलेलं असतं, ते विरघळून हळूहळू वर येतं. ते रोज मोजायचं, एवढंच काम. हाताचं जरासं तेल लागलं तरी आकडे बिघडतात, म्हणून सात वर्षं मी केसांना तेल लावलेलं नाही.

चौथ्या दिवशी लॅबचे सर भडकले. "मॅडम, तेल लावून आलात? कोल्ड रूममध्ये खोबरेल आणि कापराचा वास येतोय!" मी माझे झाडूसारखे केस दाखवले. जाम चिडले होते मी.

पण कापूर घातलेलं खोबरेल... ते आमच्याकडे फक्त नितीन लावायचा. माझा धाकटा भाऊ. आई घरी करून द्यायची. पाच वर्षांपूर्वी अरबी समुद्रात तो मालवाहू जहाजावरून बेपत्ता झाला. देह सापडला नाही, म्हणून आईनं तेरवी करू दिली नाही. "येईन तो," एवढंच म्हणायची. यावरून किती भांडलो असू आम्ही!

त्याच दुपारी आई जवळच्या दवाखान्यात डोळे दाखवायला आली होती. सोबतच नंदनवनला घरी जाऊ, म्हणून आमच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली. मी नळीतल्या पाण्याची बाटली घेऊन मशीनकडे निघाले. झाकण घट्ट होतं.

"थांब वं. काय हाये त्याच्यात?"

"पाणी हाये, आई." समुद्राचं नाव मी मुद्दाम काढलं नाही.

तिनं बाटली नाकाशी धरली.

"माह्या नितीनच्या डोक्याचा वास येऊन राहिला." बाटली तिनं उजेडात धरली. मग म्हणाली, "समुद्राचं हाये न हे? काहून लपवून राहिली तू?"

मला रडू फुटलं. कारण वास मलाही येत होता.

समुद्र केवढा, नळी केवढी! मशीनवर आकडे नेहमीसारखेच आले. तुलनेसाठी ठेवलेल्या बिनचिखलाच्या, नुसत्या पाण्याच्या नळीला वास नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तर कुठेच नव्हता. सर अजूनही म्हणतात, माझंच तेल. 

घरी आल्यावर आई म्हणाली, "तेरवीच्या महाराजले फोन लाव." तेरवी कर म्हणून पाच वर्षं मीच तिच्या मागे लागले होते... पण नंबर काढला आणि माझं बोट हलेना. शेवटी तिनंच फोन घेतला.

"महाराज," ती म्हणाली, "माहा पोरगा वारला."